गल्ली सहा मीटरची, वाडा सात मीटरचा: लार्ज फॉरमॅटची पहिली लेन्स आणि पहिला कॅमेरा

प्रश्न असा आहे: आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलीला नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे आणि रामटेकची देवळं ४ बाय ५ इंचाच्या शीट फिल्मवर टिपायची आहेत, जमलं तर घरच्यांचे पोर्ट्रेटही काढायचे आहेत. घरी पणजोबांच्या स्टुडिओतला लाकडी हाफ-प्लेट कॅमेरा पडून आहे. बजेट बेताचं. एकाने तिला सांगितलं, क्राउन ग्राफिक हा जुना प्रेस कॅमेरा घे, लेन्ससकट मिळतो. दुसरा म्हणाला, वास्तू म्हणजे ९० मिमीची लेन्स, बाकी काही बघूच नको. “काका, कोणाचं ऐकू?”

दोघांचंही अर्धं ऐक. तू कुठे उभी राहून फोटो काढणार, हे मात्र दोघांनीही विचारलेलं नाही, आणि लार्ज फॉरमॅटची खरेदी तिथूनच सुरू होते. डिजिटलमध्ये आधी बॉडी ठरते, मग त्या माउंटच्या लेन्स. इथे उलटं आहे. कॅमेरा म्हणजे पुढे लेन्सची फळी, मागे चित्र दिसणारी घासलेली काच आणि मध्ये भाता, ज्याला सगळे बेलोजच म्हणतात. फळीला योग्य मापाचं भोक पाडलं की श्नायडर, रोडेनस्टॉक, निकॉन, फुजी, कोणाचीही लेन्स कोणाच्याही कॅमेऱ्यावर बसते. कॅमेरा तू पुढेमागे बदलशीलच, लेन्स मात्र तीच राहील. तेव्हा आधी लेन्स ठरव आणि तिला झेपेल असा कॅमेरा मग शोध.

आता महालात चल. गांधी गेटजवळच्या एखाद्या गल्लीत वाडा सात मीटर उंच आहे आणि समोरच्या भिंतीला पाठ टेकवली तरी तू त्याच्यापासून सहा मीटरवरच आहेस, असं धर. ४ बाय ५ च्या होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म भरायच्या चपट्या डबीत, प्रत्यक्षात फिल्मचा साधारण ९५ बाय १२० मिमी भाग उघडा पडतो. कॅमेरा उभा धरला तर सहा मीटरवरून १५० मिमी लेन्समध्ये ४.८ मीटर उंची मावते, म्हणजे वरचा मजला कापला जाणार. ९० मिमीमध्ये आठ मीटर मावते: खाली अर्धा मीटर रस्ता, वर अर्धा मीटर आभाळ. इथपर्यंत ९० मिमी सांगणाऱ्याचं बरोबर.

पण कॅमेरा तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर आहे. तो पातळीत ठेवला तर फ्रेमचा मध्यही दीड मीटरवर येतो, आणि तुला तो साडेतीन मीटरवर हवा आहे. कॅमेरा वर कलवलास तर वाड्याचे खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. म्हणून कॅमेरा पातळीतच ठेवायचा आणि फक्त लेन्सची फळी वर सरकवायची. हाच राइज. इथे किती लागेल? दोन मीटरचा फरक गुणिले ९०, भागिले सहा हजार मिलिमीटर: बरोबर ३० मिमी. लेन्स ३० मिमी वर गेली की फिल्मचा सगळ्यात लांबचा कोपरा लेन्सच्या अक्षापासून १०२ मिमीवर जातो. म्हणजे लेन्सने किमान २०४ मिमी व्यासाचं उजेडाचं वर्तुळ पाडलं पाहिजे. यालाच इमेज सर्कल म्हणतात. जाहिरातीत फोकल लेंथ (९० मिमी, १५० मिमी) आणि एफ नंबर (लेन्सचं तोंड किती उघडतं ते) ठळक छापतात. वास्तूसाठी तू विचारायचास तो आकडा हा.

गंमत म्हणजे १५० मिमी घेऊन दहा मीटरवरून तीच फ्रेम घेतलीस तरी राइज ३० मिमीच लागतो, आणि वर्तुळही २०४ चंच. इमारत फ्रेममध्ये जशी बसवायची तशीच बसवली तर फोकल लेंथने राइज बदलत नाही. कागदावर एकदा मांडून बघ, खात्री पटेल.

आता आकडे बघू. श्नायडर सुपर अँग्युलॉन ९० मिमी एफ ८ चं वर्तुळ २१६ मिमी. निकॉर एसडब्ल्यू ९० मिमी एफ ८ चं २३५. दोन्हींत आपला वाडा बसतो, निकॉरमध्ये जरा ऐसपैस. पण श्नायडरचीच जुनी, छोटीशी, स्वस्त अँग्युलॉन ९० मिमी एफ ६.८ आहे, तिचं वर्तुळ जेमतेम १५४ मिमी. फिल्मचा कर्णच १५३ मिमी आहे. म्हणजे तिच्यात राइज शून्य. आपल्या वाड्याच्या वर आभाळाच्या जागी काळे कोपरे येतील. फिरतीवर, डोंगराळ भागात ती छान लेन्स आहे, खिशात मावते. वाड्याला कुचकामी. विकणारे नावातला ‘सुपर’ सरसकट गाळतात किंवा घुसवतात, तेव्हा एफ नंबर बघून खात्री कर: ६.८ असेल तर ती जुनी, ८ किंवा ५.६ असेल तर सुपर.

एवढं सगळं सांगूनही माझं मत असं की पहिली लेन्स १५० मिमीच घे, ९० नव्हे.

कारण शिकण्याचं आहे. ९० मिमीच्या लेन्समध्ये घासलेल्या काचेचा मध्य उजळ दिसतो आणि कोपरे काळोखात जातात. वाड्याच्या चौकात, सज्जाखाली, देवळाच्या मंडपात एफ ८ वर कोपऱ्यात फोकस आहे की नाही हे नवख्या डोळ्याला कळत नाही. काचेवर सगळं उलटं दिसतं, त्याची सवय व्हायचीय ते वेगळंच. शिवाय ९० मिमी लावली की भाता इतका दाबला जातो की बऱ्याच कॅमेऱ्यांवर फळी वर सरकतच नाही. त्यासाठी मऊ पिशवीसारखा भाता (बॅग बेलोज) किंवा आत खोल गेलेला लेन्सबोर्ड लागतो, म्हणजे आणखी खर्च. १५० मिमी एफ ५.६ मध्ये काच कोपऱ्यापर्यंत उजळ, भाता मोकळा. श्नायडर सिमार-एस किंवा निकॉर-डब्ल्यू १५० चं वर्तुळ २१० मिमी, रोडेनस्टॉक सिरोनार-एन चं २१४. उभ्या फ्रेममध्ये सुमारे ३३ मिमी राइज मिळतो. फुजिनॉन-डब्ल्यूही तितकीच चांगली. या चौघींत नेगेटिव्हवर फरक शोधत बसू नकोस. ज्या लेन्सची काच स्वच्छ आणि शटर धडधाकट, ती घे. एफ २२ ला सगळ्या सारख्याच तीक्ष्ण असतात, आणि तू बहुतेक फोटो एफ २२ लाच काढणार आहेस. एफ ५.६ हे फक्त फोकस करायला.

१५० म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात साधारण ४३ मिमी, साडेतीनने भागायचं. डोळ्याला नैसर्गिक वाटणारा कोन. तिच्यात तुला महालातले दरवाजे, खांबांवरची कोरीव कामं, चौक, जिने मिळतील. पूर्ण दर्शनी भाग जिथे मागे जायला जागा आहे तिथेच मिळेल. सिव्हिल लाइन्समध्ये जागाच जागा आहे. हायकोर्टाच्या इमारतीला १५० पुरून उरते, फक्त परवानगीचा अर्ज आधी दे, ट्रायपॉड दिसला की सुरक्षारक्षक धावतात. रामटेकच्या गडावरही १५० नेच निभतं. (तिथे तुझं डोकं काळ्या कापडाखाली असताना बॅगेवर नजर ठेवायला माणूस ने. वानरं डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरचं सरकतं झाकणसुद्धा पळवतात.) सहा-आठ महिन्यांनी तुला नेमक्या कोणत्या गल्लीत १५० कमी पडते ते माहीत झालेलं असेल, तेव्हा ९० घे.

पोर्ट्रेटसाठी १५० तितकीशी बरी नाही. डोक्यापासून छातीपर्यंतचं, म्हणजे साधारण पन्नास सेंटिमीटर, उभ्या फ्रेममध्ये भरायचं तर लेन्स चेहऱ्यापासून ऐंशी सेंटिमीटरच्याही आत येते. नाक मोठं, कान लहान, आणि समोरची आजी अवघडून बसलेली. २१० मिमीमध्ये हेच एक मीटरच्या थोडं बाहेरून होतं. इथे तुझ्या पणजोबांचा कॅमेरा कामाला येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

हाफ-प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. कर्ण २०४ मिमी. सिमार-एस किंवा निकॉर-डब्ल्यू २१० मिमी एफ ५.६ चं वर्तुळ २९० मिमीच्या वर आहे. म्हणजे तीच एक लेन्स ४ बाय ५ वर पोर्ट्रेट लेन्स आणि पणजोबांच्या कॅमेऱ्यावर नॉर्मल लेन्स, तीही राइजला भरपूर जागा ठेवून. ती सहसा कोपाल १ मापाच्या शटरमध्ये येते, भोक ४१.६ मिमी, १५० आणि ९० एफ ८ कोपाल शून्यमध्ये येतात, भोक ३४.६ मिमी. चांगला सुतार सागाची फळी कापून देईल, फक्त जुना बोर्ड नमुना म्हणून ने आणि भोकाचं माप व्हर्नियरने घ्यायला लाव. तेव्हा माझा क्रम असा: आधी १५०, मग २१०, मग ९०. वाडे हेच एकमेव वेड असेल तर शेवटच्या दोघींची अदलाबदल कर.

तो लाकडी कॅमेरा कुठल्या बनावटीचा आहे ते बघ. पितळी पट्टीवर नाव असतं. केरळात आलप्पुळाला बनणारे वागीश्वरी कॅमेरे एके काळी देशभरच्या स्टुडिओंत होते. साग आणि पितळ, कामाला मजबूत. तुझा तसला असेल तर नशीबवान आहेस. तरी त्याला पहिला कॅमेरा करू नकोस. हाफ-प्लेट शीट फिल्म दुकानात सहज मिळत नाही, पुस्तकासारखे उघडणारे जुने लाकडी होल्डर उन्हात उजेड गाळतात, आणि पितळी लेन्सला बहुधा शटरच नसतं, टोपी काढा-घाला असा कारभार. पण सराव म्हणून त्याच्यासारखं फुकट साधन नाही. होल्डरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटिंगचा कागद कापून घाल, त्याचा आयएसओ ६ च्या आसपास धर. दुपारच्या उन्हात एफ ४५ ला सव्वा-दीड सेकंद येतं, ते टोपीने आरामात मोजता येतं. कागद लाल दिव्याखाली डेव्हलप होतो, डोळ्यांसमोर चित्र उमटतं. लेन्स घेण्याआधी राइज आणि टिल्ट (फळी कलवणं) यांचा अर्थ तुला यातून कळेल.

आता कॅमेरा. क्राउन ग्राफिकबद्दल सांगणारा खोटं बोलला नाही. तो दणकट आहे, झटकन मिटतो, बातमीदारांसाठीच बनला होता. पण तुझ्या कामाला तो नेमका उलटा. त्याची पाठ, म्हणजे घासलेल्या काचेची चौकट, फिरत नाही. उभी फ्रेम हवी तर अख्खा कॅमेरा आडवा करायचा, आणि मग तुझा राइज बाजूला सरकतो, वर नाही. वाडा उभा, देऊळ उभं, आणि कॅमेऱ्याचा राइज शेजारच्या पानठेल्याकडे. सोबत येणारी १२७ किंवा १३५ मिमीची लेन्सही ४ बाय ५ ला जेमतेम पुरते.

वास्तूसाठी स्वस्तात उत्तम म्हणजे मोनोरेल, एकाच दांड्यावर दोन्ही फळ्या सरकतात असा कॅमेरा. जुने कॅम्बो, टोयो, सिनार एफ कवडीमोल झालेत, कारण ते कोणाला उचलायचे नसतात. दोन्ही फळ्यांना सगळ्या हालचाली, बॅग बेलोज लावता येतो, तुकडे बदलता येतात. घरातच काम असतं किंवा चारचाकी असती तर मोनोरेलच घे म्हणालो असतो. तू अ‍ॅक्टिव्हावर फिरतेस. मोनोरेलची पेटी पायापाशी मावत नाही आणि पाठीवर घेऊन रामटेकच्या पायऱ्या चढून बघ एकदा. त्यामुळे मिटणारा फील्ड कॅमेरा. इंग्लंडचा इंट्रेपिड दीड किलोच्याही आत, हलका आणि नव्यात स्वस्त. प्लायवूडचा आहे, नाजूक वाटतो, पण काम करतो. शेन हाओ आणि शामोनी हे चिनी, जास्त घट्ट, जास्त महाग. जुन्यात विस्ता मिळाला तर सोन्याहून पिवळं. चौघांवरही लिनहॉफ टेक्निका मापाचा लेन्सबोर्ड बसतो, ही मोठी सोय: पुढे कॅमेरा बदललास तरी बोर्ड तेच. सिनारचा बोर्ड १४० मिमी, टोयो मोनोरेलचा १५८. त्यांनाही लिनहॉफ बोर्ड लावायचे अडॅप्टर मिळतात. परदेशातून मागवताना भावात कस्टम्स ड्युटी आणि जीएसटी धरूनच हिशेब कर, नाहीतर पार्सल हातात पडण्याआधी बजेट संपतं.

कॅमेरा घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचार: ९० मिमी लावून किती राइज मिळतो, आणि भाता पूर्ण ताणला की किती लांब होतो. २१० मिमीने छातीपर्यंतचं पोर्ट्रेट काढायला २६० मिमी ताण लागतो. ३०० च्या आसपास भाता असेल तर तुझं सगळं भागतं. भाता ताणला की उजेड कमी होतो हे विसरू नकोस: ताण भागिले फोकल लेंथ, त्याचा वर्ग. १५० ची लेन्स २१० मिमीपर्यंत ताणली तर जवळजवळ दुप्पट, म्हणजे एक स्टॉप.

जुनी लेन्स हातात आली की आधी शटर तपास. काचेवर बारीक ओरखडा किंवा कडेला पांढरे ठिपके असले तरी चालतं. श्नायडरच्या जुन्या लेन्समध्ये आतला काळा रंग सुटून असे ठिपके येतात, नेगेटिव्हवर काही उमटत नाही. बुरशीचे धागे किंवा तेलकट धुकं असेल तर मात्र परत कर. शटरचे मंद वेग आधी बिघडतात, कारण वंगण घट्ट होतं. फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ लाव, लेन्समागे खिडकी येऊ दे आणि शटर मार. एक सेकंदाला २४० फ्रेम उघडं दिसलं पाहिजे, आठव्या भागाला ३०, तिसाव्या भागाला ८. एक सेकंदाचा दीड निघाला तर घाबरू नकोस. चिठ्ठीवर प्रत्येक वेगाचा खरा वेळ लिहून बोर्डच्या मागे चिकटव. सारखाच चुकणारा शटर वापरता येतो. दर वेळी वेगळा आकडा आला तर सर्व्हिसिंगशिवाय उपाय नाही. भात्यासाठी रात्री खोली अंधारी करून आत टॉर्च लाव, कोपरे हळूहळू फिरवून बघ. सुईएवढी भोकं काळ्या रबरी रंगाने बुजतात. घड्या चिरल्या असतील तर नवा भाता.

आपल्याकडची एक गोष्ट परदेशी लोक सांगणार नाहीत: कूलरच्या खोलीत लेन्स ठेवू नकोस. मे महिन्यात बाहेर ४५ अंश कोरडं असतं आणि खोलीत कूलरचा ओलावा. त्यात बुरशी पावसाळ्याची वाट बघत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव, जेल गुलाबी झालं की तव्यावर तापवून पुन्हा निळं कर. डोक्यावरचं कापड आतून काळं आणि बाहेरून पांढरं शिवून घे. दुहेरी काळ्या कापडाखाली एप्रिलनंतर दोन मिनिटं काढवत नाहीत. उन्हाळ्यात चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून अंधारात फिल्म भरायच्या पिशवीत) होल्डर भरायचा प्रयत्नही करू नकोस, घामेजल्या बोटांचे ठसे थेट फिल्मवर पडतात. रात्री बाथरूमचा दिवा घालवून भर.

फिल्मचं थोडक्यात. इलफर्ड एचपी ५ प्लस किंवा एफपी ४ प्लस घे, पण पहिल्या पन्नासेक चुका महागड्या फिल्मवर करू नकोस. एक्स-रे फिल्म घे. धंतोली-रामदासपेठेत हॉस्पिटलांना माल पुरवणाऱ्यांकडे चौकशी कर, मात्र ‘ड्राय लेझर’ फिल्म गळ्यात पडू देऊ नकोस, ती कॅमेऱ्यात चालत नाही. केमिकलमध्ये धुवायची, ग्रीन सेन्सिटिव्ह, ८ बाय १० इंचाची मागायची. लाल दिव्याखाली तिचे चार तुकडे होतात, पण बरोबर अर्धं कापलेलं होल्डरमध्ये अडकतं. दोन्ही बाजूंनी मिलिमीटरभर जास्त छाट. आयएसओ ८० धरून सुरुवात कर. दोन्ही अंगांना इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर असतो, त्यामुळे डेव्हलप करताना ट्रेच्या तळाला घासली की ओरखडे येतात; तळाशी काच ठेव आणि एका वेळी एकच शीट धू. तिला लाल रंग दिसत नाही, म्हणून संत्रं जवळजवळ काळं येतं आणि विटांची भिंत गडद. सागवानी दरवाज्याला ते शोभतं, आजीच्या चेहऱ्याला नाही. पोर्ट्रेट एचपी ५ वरच काढ.

होल्डर जुनेच घे, फिडेलिटी की लिस्को हे बघण्यात वेळ घालवू नकोस, पण प्रत्येकावर नंबर टाक आणि एकेक तपास. आत एक्स-रेचा तुकडा भर, डार्क स्लाइड लावलेल्या अवस्थेतच होल्डर दहा मिनिटं गच्चीवर उन्हात ठेव, बाजू पालटून आणखी दहा मिनिटं, मग तो तुकडा तसाच डेव्हलप कर. तुकडा स्वच्छ निघाला तर होल्डर ठीक. कडेला काळा पट्टा आला तर त्या बाजूची फेल्ट (उजेड अडवणारी मखमली पट्टी) गेली आहे. त्या नंबरचा होल्डर वेगळा काढून ठेव, फेल्ट बदलेपर्यंत महालात नेऊ नकोस.